पान रुंद, वजन भरपूर, तरी तंबाखूचा दर का पडतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. निपाणीजवळ वेदगंगेच्या काठाला दीड एकर काळी जमीन आहे. उसाचा खोडवा मोडून तिथं विडीचा तंबाखू लावला. पीक जोमदार आलं, पानं रुंद, वजनही मनासारखं. वखारीत नमुना नेला तेव्हा व्यापाऱ्यानं पान चुरगाळून, जाळून बघितलं आणि "माल फिका आहे, पेटत नाही" म्हणून दर पाडला. शेजाऱ्याच्या माळावरच्या तंबाखूचं वजन तुमच्यापेक्षा कमी, पण त्याला चढा दर मिळाला. व्यापारी फसवतोय का, आणि पुढच्या वर्षी काय बदलावं, हे तुम्हाला हवंय.

व्यापारी वजनात, कटतीत (वजनातून कापून घ्यायच्या सुटीत) किंवा पैसे देण्याच्या मुदतीत फसवू शकतो, त्याबद्दल पुढे लिहितो. पण "पेटत नाही" हे त्यानं तुमच्यासमोर जाळून दाखवलं असेल, तर त्या एका मुद्द्यावर तो खरं बोलतोय असं धरून चला. तुम्ही पीक उसासारखं घेतलंय. उसाचे पैसे टनावर मिळतात, तंबाखूचे मिळत नाहीत. विडीचा तंबाखू पिकवताना शेवटी ती विडी ओढणाऱ्या माणसाच्या बोटांत काय होतं, तिथून मागं मोजत यायचं असतं.

एका विडीत पाव ग्रॅमच्या आतबाहेर जर्दा, म्हणजे भरायच्या तंबाखूचा चुरा असतो. सिगारेटमध्ये त्याच्या तिप्पट तरी असतो, शिवाय सिगारेटचा कागद हवा आत घेतो आणि नुसती ठेवली तरी जळत राहते. विडीला टेंभुर्णीचं पान गुंडाळलेलं असतं, ते जाड आणि हवाबंद. त्यामुळे विडी दोन-चार झुरके मारले नाहीत तर विझते. पान मुळात विझवणारं, त्यात आतला जर्दाही आग धरत नसेल, तर ओढणाऱ्याला दर मिनिटाला काडी ओढावी लागते. दिवसभर औतामागं किंवा ट्रकवर असलेला माणूस तसलं बंडल पुन्हा विकत घेत नाही. म्हणून विडी कारखानदार जर्द्यात दोन गोष्टी बघतो. तो धरून जळला पाहिजे, आणि एवढ्याशा जर्द्यात ओढणाऱ्याला "लागला" पाहिजे, म्हणजे कडक पाहिजे. रंग आणि वास त्यानंतर येतात. वजनाचा त्याच्या हिशोबात काहीच संबंध नाही.

आता कबूल करण्याची गोष्ट. तुमचा माल मी हातात घेतलेला नाही, त्यामुळे दोष नेमका कुठला हे इथून ठामपणे सांगता येणार नाही. जमीन, पाणी, खत, तोडणीची वेळ आणि वाळवण या पाचांपैकी एक किंवा अनेक कारणं असू शकतात. पण तुम्ही दिलेल्या वर्णनावरून माझा पहिला संशय पोटॅशवर आहे, दुसरा उशिरा मिळालेल्या नत्रावर आणि तिसरा घाईच्या तोडणीवर. याच क्रमानं तपासा.

आधी घरी जळणाची चाचणी करा. वाळलेल्या झाडाच्या मधल्या भागातलं एक पान घ्या. तळाचं नको, शेंड्याचंही नको. देठाची मोठी शीर सोडून बाजूचा पापुद्रा ताणून धरा. अगरबत्ती पेटवून तिची लाल ठिणगी पानाला खालून दोन-तीन सेकंद टेकवा, भोक पडून कडा लाल झाली की अगरबत्ती काढून घ्या आणि फुंकर न मारता मोजायला लागा. चांगल्या पानात लाल कडा गोल वाढत जाते आणि दहापर्यंत मोजून होईतो जिवंत राहते. तीनच्या आत काळी पडली तर जळण खराब. राखही बघा. पांढरी-करडी आणि बोटानं भुगा होणारी राख चांगली. काळी, फुगलेली, कोळशासारखी चिकटून राहणारी असेल तर वाईट. शेजाऱ्याचं एक पान मागून आणा आणि दोन्ही पानं एकाच दिवशी, एकाच वेळी जाळा. सकाळचं दमट पान आणि दुपारचं कोरडं पान यांची तुलना करून काही कळत नाही. वेगवेगळ्या झाडांची निदान दहा पानं तपासा, एका पानावर निर्णय करू नका.

जळण खराब निघालं, तर गेल्या तीन वर्षांत त्या रानात कोणतं पोटॅश पडलं ते आठवा. उसाला आपण जे लाल पोटॅश टाकतो, ते म्युरेट ऑफ पोटॅश. त्याच्या पन्नास किलोच्या पोत्यात साधारण तेवीस किलो क्लोराईड असतं. मिश्रखतांतला पोटॅशही बहुधा याच जातीचा. उसाला त्याचा त्रास होत नाही. तंबाखूचं झाड मात्र क्लोराईड अधाशासारखं ओढून पानात साठवतं. वाळलेल्या पानात ते दोन टक्क्यांच्या पुढं गेलं की जळण उघड बिघडतं. पोटॅश स्वतः जळणाला मदत करतो, त्यामुळे शेतकरी म्हणतो की मी तर पोटॅश भरपूर दिलाय. दिलाय, पण त्याच्याबरोबर विझवणाराही दिलाय. तंबाखूला नेहमी सल्फेट ऑफ पोटॅश घ्यायचं. महाग असतं, पण एकरी लागतं थोडं.

तुमच्या वजनाचा काही भागही यातूनच आला असण्याची शक्यता आहे. क्लोराईड जास्त असलेलं पान हवेतली ओल ओढून घेतं. हाताला मऊ लागतं, तागडीत भरतं, आणि थप्पीत ठेवलं की बुरसतं. वखारीतल्या जाणत्या माणसाला हे हात लावताच कळतं. पान मुठीत दाबून सोडल्यावर ते सावकाश उलगडलं आणि चिकट-गार लागलं, तर तो पुढचं काही बघतच नाही.

खताइतकंच पाण्याचं बघा. विहीर किंवा बोअरचं पाणी मचूळ असेल तर तुम्ही पोत्यातून जेवढं क्लोराईड टाळाल तेवढं पाटातून द्याल. नदीचं पाणी तुलनेनं बरं. पण नदीकाठच्या भारी, चोपण (खारवट, घट्ट) होत चाललेल्या जमिनीत निचरा नसतो आणि खालचे क्षार वर येतात. माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्या, आणि अहवालात क्लोराईडचा आकडा मुद्दाम मागा. नेहमीच्या माती परीक्षणात तो बऱ्याचदा नसतो.

दुसरा संशय नत्राचा. निपाणीचा जुना तंबाखू पावसाच्या ओलीवर येतो. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत लागण, परतीच्या पावसावर वाढ, आणि थंडी सुरू झाली की रानातली ओल व नत्र दोन्ही हळूहळू आटत जातात. या आटण्यालाच महत्त्व आहे. उपाशी पडलेलं पान जाड होतं, पिकतं, त्यावर चीक येतो, कडकपणा वाढतो. तुमच्या रानात खोडव्याला दिलेल्या भरपूर खताचा उरलेला अंश, कुजणारं पाचट आणि वर पाटाचं पाणी. झाडाला डिसेंबरमध्येही खायला मिळत राहिलं. असं पान रुंद, पातळ आणि गर्द हिरवं राहतं, पिकायचं नावच घेत नाही. कोरडवाहू तंबाखूला एकरी चाळीस ते पन्नास किलो नत्र मी पुरेसं धरतो, तेही निम्मं लागणीला आणि उरलेलं महिन्या-सव्वा महिन्याच्या आत. उसामागच्या रानात त्यातून आणखी कमी करावं लागतं. शेंडा खुडल्यानंतर युरियाची मूठ टाकण्याची सवय कुणाला असेल तर ती सोडावी.

पाणी द्यावं की नाही हे जमिनीवर आहे. माळाच्या मुरमाड रानात पाऊस लवकर गेला तर एखादं हलकं पाणी पीक वाचवतं. काळ्या भारी जमिनीत लागणीनंतर रोप धरायला पाणी लागलं तर ठीक, त्यापुढं शक्यतो नाही. तोडणीच्या आधी महिनाभर तर मुळीच नाही.

कडकपणाबद्दल एक गोष्ट समजून घेतली की बाकीची कामं आपोआप बरोबर होतात. तंबाखूतलं निकोटीन पानात तयार होत नाही, मुळांत होतं आणि तिथून पानात चढतं. शेंडा खुडला की झाडाची फुला-बोंडांवर जाणारी ताकद मुळांकडे वळते, मुळं वाढतात आणि निकोटीन जास्त तयार होतं. म्हणून कळी दिसू लागताच शेंडा खुडायचा, फूल उमलायची वाट बघायची नाही. किती पानं ठेवायची हे जमिनीच्या ताकदीवर. हलक्या रानात दहा-बारा, भारीत सोळा-अठरापर्यंत. जास्त पानं ठेवली की वजन वाढतं आणि प्रत्येक पान पातळ होतं. खुडल्यावर प्रत्येक पानाच्या बगलेतून फुटवे येतात. ते आठवड्याला काढले नाहीत तर खुडलेलं वाया जातं, कारण झाडाचा सगळा रस त्या कोवळ्या फुटव्यांत जातो. चार ते सहा फेऱ्या होतात. मजूर मिळत नसतील तर डेकॅनॉल या फुटवे मारणाऱ्या रसायनाचं चार टक्क्यांचं पाणी शेंड्याच्या कापावर ओततात, झाडाला दहा-पंधरा मिली, खोडावरून ओघळून प्रत्येक बगल भिजेल असं. हे गार वेळी करायचं. भर उन्हात केलं तर पानं करपतात.

अंतर तीन फूट बाय अडीच फूट ठेवलं तर एकरी साधारण ५,८०० झाडं बसतात. वजनाच्या हव्यासानं दाट लावलं की खालची पानं सावलीत राहतात, पातळ होतात आणि बेडकाच्या डोळ्यासारखे गोल ठिपके पडणारी बुरशी पसरते.

तिसरा संशय तोडणीचा. पिकलेलं पान दुरूनच ओळखू येतं. गर्द हिरवा रंग जाऊन पिवळट छटा येते, पृष्ठभाग खडबडीत आणि सुरकुतलेला होतो, आणि त्यावर गंजासारखे तांबूस ठिपके उमटतात. हात फिरवला की बोटांना चीक लागतो आणि तो साबणानंही सहज निघत नाही. पान दुमडलं की कट् करून मोडतं, लवत नाही. नवीन शेतकरी हे ठिपके रोग समजून घाबरतात आणि फवारणी करतात किंवा घाईनं कापून टाकतात. मधल्या पानांवर ठिपके दिसल्याशिवाय विळा लावू नका. तुमच्या रानात पान उशिरा पिकतं, त्यामुळे शेजाऱ्यानं कापला म्हणून तुम्हीही त्याच आठवड्यात कापलात, तर तुम्ही कच्चा कापलात असं होतं. बहुधा हेच झालं असावं.

पिकलेल्या पिकावर अवकाळी पाऊस झाला तर पानावरचा चीक धुऊन जातो आणि माल खरोखर फिका होतो. अशा वेळी लगेच कापू नका. ऊन पडू द्या, आठ-दहा दिवस थांबा, चीक बराचसा पुन्हा येतो. फक्त एवढ्यात फुटवे आले तर काढा.

वाळवणीत होणारी मोठी चूक म्हणजे हिरवं पान भर उन्हात एकदम वाळवणं. पान मरण्याआधी त्याचा हिरवा रंग मोडायला वेळ लागतो. तो वेळ न देता वाळवलं की हिरवटपणा पानात कायमचा बसतो, मग थप्पीत किती दिवस ठेवा, जात नाही. ओढताना गवत जळल्यासारखा वास येतो आणि घशाला ओरखडा पडतो. गावोगाव पद्धत वेगळी आहे, कुणी अख्खं झाड कापतं, कुणी पानं. दोन्हीत नियम एकच: दुपार कलल्यावर कापायचं, रात्रभर जागेवर सुकू द्यायचं, नंतर उन्हात पसरायचं आणि बाजू पालटत राहायची. उन्हाप्रमाणे आठ ते पंधरा दिवस लागतात.

वाळलेलं पान दुपारी हाताळलं तर हातातच भुगा होतं आणि तो भुगा मातीत जातो. म्हणून गोळा करण्याचं काम पहाटे, दहिवरानं पान नरम झालेलं असताना करतात. ऊन तापायच्या आत ढीग झाकलेला पाहिजे. ढिगात घालण्याआधी मधली शीर मोडून बघा. ती काडीसारखी मोडली पाहिजे. वाकली तर आत पाणी आहे आणि तो ढीग आतून कुजणार. ढीग लावल्यावर तो आपोआप तापतो, आणि याच तापण्यातून रंग तपकिरी होतो व उग्रपणा कमी होतो. रोज कोपरापर्यंत हात आत घालून बघा. हात ठेववेनासा झाला की ढीग मोडून आतलं बाहेर, बाहेरचं आत करा. दोन दिवस दुर्लक्ष झालं तर मधला माल काळा पडतो आणि जळक्या गुळासारखा वास येतो. तो माल चांगल्यात मिसळला की सगळ्याचा दर जातो.

तळाची चार-पाच पानं वेगळी ठेवा. ती मातीनं माखलेली, पातळ आणि फिकी असतात. वजन भरायला ती मधल्या पानांत मिसळली की व्यापारी नमुन्यातलं सगळ्यात वाईट पान धरून सगळ्या बोदांचा (गाठींचा) दर करतो. वेगळी विकली तर तळाच्या पानांना कमी मिळतं, पण मधल्यांचा भाव शाबूत राहतो. वजनासाठी पाणी शिंपडणं तर स्वतःच्याच मालाला बुरशी लावणं आहे.

पुढच्या हंगामासाठी वाफ्यातल्या तरूचं, म्हणजे रोपांचं, थोडक्यात. तंबाखूचं बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये दहा-बारा हजार दाणे. गुंठ्याला पन्नास ग्रॅम पुरतं, राखेत किंवा बारीक वाळूत मिसळून फेकायचं. वाफे वीतभर उंच, नाहीतर जुलैच्या पावसात रोपं बुडाशी सडून कोलमडतात. उन्हाळ्यात जागेवर राब भाजून घ्या किंवा पारदर्शक प्लॅस्टिकखाली महिनाभर माती तापवा, म्हणजे तण आणि मुळांना गाठी करणारे सूत्रकृमी कमी होतात. सहा-सात आठवड्यांचं, पेन्सिलीएवढ्या जाडीचं रोप लावायचं.

रोपं उपटताना आणि लावताना एक गोष्ट कटाक्षानं पाळा, आणि तिचा संबंध आपल्या सवयीशी आहे. रानात काम करणाऱ्या बहुतेकांच्या कमरेला चंची किंवा खिशात पुडी असते. तंबाखू मळायचा, चुना लावायचा, बार भरायचा आणि त्याच हातानं रोप धरायचं. तंबाखूच्या पानावर हिरवे-पिवळे पट्टे पाडणारा मोझॅक विषाणू वाळलेल्या, मळलेल्या तंबाखूतही वर्षानुवर्षं जिवंत राहतो आणि बोटांवरून रोपाच्या सूक्ष्म जखमेत शिरतो. एकदा शिरला की औषध नाही. लागणीच्या दिवशी बार भरणाऱ्यानं साबणानं हात धुऊनच तरूला हात लावावा. काही जण साय काढलेल्या दुधात हात बुडवतात. दुधानं विषाणूचा जोर खरोखर मोडतो. विडीची थोटकंही वाफ्यात टाकू देऊ नका.

बंबाखू दिसला तर फुलण्याआधी उपटून रानाबाहेर जाळा. तो तंबाखूच्या मुळावर जगणारा परजीवी आहे, एका झाडाचं बी हजारोंनी गळतं आणि मातीत दहा-बारा वर्षं दबा धरून राहतं. तीळ, मूग किंवा ज्वारी मध्ये घेतली की त्यांच्या मुळांच्या स्रावानं बंबाखूचं बी उगवतं, पण त्याला चिकटायला तंबाखूचं मूळ मिळत नाही आणि ते मरतं. एकाच रानात ओळीनं तंबाखू घेऊ नका हे सांगण्याचं मुख्य कारण हेच.

आता यंदाच्या मालाचं काय करायचं. जळण खराब असलेला माल खाण्याच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याला दाखवता येतो, कारण तोंडात ठेवायच्या तंबाखूला जळण लागत नाही, कडकपणा आणि स्वच्छता लागते. आपल्या भागातल्या गिऱ्हाइकाचं वळण बघितलं तर हा बाजार लहान नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात निपाणीला लागूनच असलेल्या महाराष्ट्रात ओढणारे चार टक्क्यांच्या आत आणि धूर न करता तंबाखू घेणारे चोवीस टक्क्यांच्या वर निघाले. विडीच्या गावात राहूनही आपण मुख्यतः मळणारे आणि मिश्री लावणारे लोक आहोत. पण तुमचा माल कच्चा कापलेला असेल तर तिथंही दर मोठा मिळणार नाही, हे धरून बोलणी करा.

हे लिहिताना एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मिश्रीला आपल्याकडे व्यसन मानत नाहीत, दात घासणं मानतात, त्यामुळे घरातल्या बाया दिवसातून चार-चार वेळा ती लावतात आणि गरोदरपणातही सोडत नाहीत. भाजलेला तंबाखू हा तंबाखूच आहे. विडी साधी म्हणून कमी वाईट, हाही समज चुकीचा. ती विझू नये म्हणून ओढणारा जास्त वेळा आणि खोल झुरके घेतो, त्यामुळे पाव ग्रॅममधूनही धूर छातीत भरपूर जातो. आणि पीक घेणाऱ्यालाही हे चुकत नाही. दवानं किंवा घामानं ओल्या झालेल्या कातडीतून पानातलं निकोटीन अंगात शिरतं. चक्कर, मळमळ, उलटी, डोकं जड होणं ही त्याची लक्षणं, आणि आपण ती ऊन लागल्यावर ढकलतो. फुटवे काढताना आणि पहाटे पान गोळा करताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि रबरी हातमोजे घाला, भिजलेले कपडे लगेच बदला. झाडताना-चाळताना नाकातोंडाला फडकं बांधा. लहान मुलं आणि पोटुशी बाई या कामाला लावू नका, मजूर कितीही कमी असोत.

विक्रीचं. गुंटूरला मुख्यालय असलेलं तंबाखू मंडळ १९७६ पासून काम करतंय, पण त्याचे लिलाव सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूचे, म्हणजे कर्नाटकात म्हैसूरकडचे. विडीच्या तंबाखूला ना तो लिलाव, ना हमीभाव. १९८१ च्या मार्चमध्ये शेतकरी संघटनेच्या नेतृत्वाखाली निपाणीचे शेतकरी पुणे–बंगळूर महामार्गावर बसले ते याच दरासाठी, आणि ६ एप्रिलला झालेल्या गोळीबारात डझनभर शेतकऱ्यांचे जीव गेले. त्यानंतरही सौदा वखारीच्या दारातच होतो. तेव्हा नमुना एकाच वखारीत नेऊ नका, निदान तीन ठिकाणी दाखवा. नमुना तुमच्यासमोर काढू द्या, दर ठरल्यावर बोदांचं वजन, कटती आणि पैशाची तारीख लिहून सही घ्या. माल उधार नेऊन महिनोनमहिने झुलवणं हा या धंद्यातला जुना रोग आहे. कोरडी जागा आणि हातात थोडा पैसा असेल तर माल थांबवता येतो. पण क्लोराईडवाला माल थांबवू नका, पावसाळ्यापर्यंत तो टिकणार नाही.

आता स्पष्ट मत. वेदगंगाकाठची ती दीड एकर मला तंबाखूची जमीन वाटत नाही. तिथं ऊस, किंवा उसाला विसावा द्यायचा तर सोयाबीन आणि त्यावर हरभरा जास्त सरळ पडेल. तंबाखू करायचाच असेल तर माळाकडचा, निचऱ्याचा तुकडा बघा, जिथं गेली काही वर्षं लाल पोटॅश पडलेलं नाही. तेही घरात जानेवारी-फेब्रुवारीत तोडणी-वाळवणीला चार हक्काचे हात असतील तरच, कारण त्या दिवसांत मजूर उसाच्या तोडीवर असतो आणि दोन दिवस उशीर झालेला ढीग कुणासाठी थांबत नाही. दुसरी जमीन नसेल आणि याच रानात पुन्हा प्रयोग करायचा असेल, तर पूर्ण दीड एकर नको, दहा गुंठ्यांवर करा.

अगरबत्तीची चाचणी या आठवड्यात करून टाका आणि तुमच्या व शेजाऱ्याच्या पानांचे दहा-दहा आकडे लिहून ठेवा. माती आणि पाण्यातल्या क्लोराईडचा अहवाल आला, की ते सगळे आकडे आणि तीन वर्षांत टाकलेल्या खतांची यादी एकत्र कळवा. म्हणजे त्या दहा गुंठ्यांना सल्फेट ऑफ पोटॅश किती आणि नत्र किती, हे अंदाजानं न सांगता हिशोबानं लिहून देता येईल.